फायरफॉक्सच्या तक्रारींची छाननी करणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
मोझिलातील फायरफॉक्सचे अभियंते आणि बगझिलावर येणाऱ्या तक्रारींची व्यवस्था पाहणारे सर्व,



हे पत्र मराठीत आहे. बगझिलावरची एखादी तक्रार आपल्या बॉटने निकामी ठरवली की तिच्याखाली एक ठरावीक सूचना चिकटते. तीत एक सल्ला असतो: मजकूर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल तर भाषांतराच्या एखाद्या सेवेतून तो इंग्रजीत करून घ्या. तोच सल्ला मी आपणांस सादर परत करतो. सल्ल्यात वावगे काही नाही. त्याच सूचनेत पुढे जे लिहिलेले असते त्याबद्दल मात्र मला भांडायचे आहे. पण त्याआधी आपण जे चांगले केले आहे ते सांगितले पाहिजे. एक तर ते खरोखरच चांगले आहे, आणि दुसरे, हे पत्र वाचणाऱ्या बहुतेक मराठी माणसांना आपण रोज वापरतो त्या ब्राउझरच्या तक्रारी कुठे जातात याची कल्पना नसते.

त्या बगझिलावर जातात. १९९८ साली नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड जगाला खुला केला, मोझिला जन्माला आली, आणि त्याच काळात टेरी वाइसमन यांनी ही तक्रार-वही लिहिली. आज तिच्यातल्या नोंदींचा क्रमांक १९ लाखांच्या पुढे गेला आहे. कोणीही खाते उघडावे आणि लिहावे, ‘अमुक पान उघडले की फायरफॉक्स गोठतो.’ लिहिणाऱ्याचे काम तिथे संपते आणि दुसऱ्या कोणाचे तरी सुरू होते. पान गोठले ते चित्र रंगवणाऱ्या भागामुळे, नेटवर्कमुळे, जावास्क्रिप्टच्या इंजिनामुळे, की त्या माणसाने बसवलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनमुळे, हे लिहिणाऱ्याने ओळखावे अशी अपेक्षाच चूक. म्हणून अशी नोंद आधी ‘अनट्रायेज्ड’ नावाच्या कप्प्यात पडते. तिथून उचलून ती नेमक्या कंपोनंटमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या त्या भागाच्या कप्प्यात, नेऊन ठेवणे म्हणजे छाननी. प्रत्येक कंपोनंटची माणसे ठरलेली असतात आणि ती आपापला कप्पा पाहतात. फॉन्टचे काम करणारा अभियंता नेटवर्कच्या कप्प्यात डोकावत नाही, त्याने डोकावूही नये. कंपोनंटचे हे लेबल म्हणजे कोण वाचणार याचा निर्णय.

हे काम कंटाळवाणे आहे, त्याला दाद मिळत नाही, आणि ते कधी संपत नाही. २००६ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील जॉन अँविक, लिंडन ह्यू आणि गेल मर्फी यांनी, तक्रार वाचून ती कोणत्या प्रोग्रॅमरकडे द्यावी हे यंत्राने सुचवावे, असा प्रयोग केला. फायरफॉक्सच्या नोंदींवर त्यांच्या सूचना ६४ टक्के वेळा बरोबर निघाल्या, एक्लिप्स या दुसऱ्या प्रकल्पाच्या नोंदींवर ५७ टक्के. त्या निबंधातही मोझिलाच्या एका माणसाची कैफियत आहे: रोज जवळजवळ तीनशे नव्या तक्रारी येतात आणि त्या मोझिलाच्या प्रोग्रॅमरांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. म्हणजे हे दुखणे जुने. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० माणसे कमी केली, तेव्हा ते हलके झाले असेल असे मला वाटत नाही. त्यामुळे ‘छाननी माणसानेच करावी, यंत्र नको’ असे म्हणणाऱ्यांत मी नाही. असे म्हणणाऱ्यांनी एकदा आठवडाभर तो कप्पा उपसून पाहावा.

फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस आपण बगबग हा छाननीचा बॉट कामाला लावला. एप्रिलमध्ये सिल्व्हेस्त्र लद्रू आणि मार्को कास्तेलुच्चो यांनी तो कसा शिकला हे सविस्तर लिहिले. ते लेखन मी या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगतो. त्यांनी आधीच्या दोन वर्षांच्या नोंदी घेतल्या, पण त्या आहेत तशा यंत्रापुढे ठेवल्या नाहीत. नोंद जुनी होते तसे तिच्यात लोक भर घालतात, शीर्षक दुरुस्त करतात, नेमके शब्द लिहितात. महिनाभराने वाचलेल्या नोंदीत उत्तर जवळजवळ लिहिलेलेच असते, आणि तिच्यावर शिकलेले यंत्र परीक्षेत पहिले येऊन प्रत्यक्षात नापास होते. म्हणून या मंडळींनी प्रत्येक नोंदीचा इतिहास उलटा फिरवला आणि ती ज्या दिवशी आली त्या दिवशी जशी होती तशी करून मग यंत्राला दाखवली. अडाणी, अर्धवट, चुकीच्या शीर्षकाची. छाननी करणाऱ्या माणसापुढे ती अशीच येते. अशी काळजी घेणारे लोक या धंद्यात थोडे आहेत.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. यंत्राची स्वतःची खात्री ६० टक्क्यांच्या वर गेली तरच त्याने कप्पा बदलायचा, नाहीतर नोंद होती तिथेच राहू द्यायची. ही मर्यादा ठेवल्यावर त्याचे निर्णय चाचणीत ८० टक्क्यांहून अधिक बरोबर आले. पाचांतली एखादी नोंद चुकीच्या दारात गेली तरी तिथला माणूस ती परत फिरवू शकतो, आणि बॉट स्वतःच लिहितो की मला असे वाटले, चुकले असेन तर बदला. मला यातला ‘होती तिथेच राहू द्यायची’ हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. लेबल नसलेली नोंद निदान डोळ्यांपुढे असते. ‘अजून कोणी पाहिली नाही’ अशा रांगेत ती उभी असते आणि ती रांग कोणाला तरी टोचत राहते. चुकीचे लेबल लागले की ती त्या रांगेतून सुटते. आकडेवारीत तिचा निकाल लागलेला असतो, पण नव्या कप्प्यातली माणसे तिला आपली मानत नाहीत. कोऱ्या नोंदीपेक्षा चुकीचे लेबल लावलेली नोंद अधिक बेवारस असते. हल्ली जो तो आपल्या प्रकल्पाला एखादे भाषा-मॉडेल जोडतो आणि प्रत्येक नोंदीवर तीन-तीन रंगीत लेबले चिकटवून मोकळा होतो. त्यांना यंत्राने गप्प बसणे हे अपयश वाटते. आपल्याला ते वाटले नाही.

यंत्र ज्यावरून शिकते ती माणसांनी लावलेली लेबले तरी किती खरी असतात? २०१३ साली किम हर्झिग, साशा युस्ट आणि आंद्रेआस झेलर यांनी पाच जावा प्रकल्पांतल्या सात हजारांहून अधिक नोंदी स्वतः बसून वाचल्या. ‘बग’ असे लेबल असलेल्यांपैकी ३३.८ टक्के नोंदी बग नव्हत्याच. कोणाला नवी सोय हवी होती, कुठे दस्तऐवज सुधारायचा होता, कुठे कोडची नुसती साफसफाई होती. दर तीन नोंदींमागे एक! अशा पाटीवर गिरवलेले यंत्र गुरुजींच्या चुकाही गिरवणार. २०१९ मध्ये आपण नोंदींना दोष, सुधारणा आणि काम अशा तीन जाती दिल्या त्या याच गोंधळावर उपाय म्हणून, हे मला ठाऊक आहे. उपाय बरा होता.

आता भांडणाकडे वळतो.

बगबगचे आणखी एक मॉडेल तक्रार स्पॅम आहे का ते ठरवते. माणसांनी यापूर्वी ‘इनव्हॅलिड बग्ज’ या कप्प्यात टाकलेल्या नोंदींवरून ते शिकले. तसा संशय आला की बॉट नोंद उचलतो, त्या कप्प्यात टाकतो, बंद करतो आणि खाली ती सूचना लिहितो. सूचनेचा आशय असा: ही नोंद निरर्थक आहे असे बॉटला वाटते, चूक वाटत असेल तर नोंद पुन्हा उघडा आणि आधीच्या जागी न्या, मजकूर इंग्रजीत नसेल तर भाषांतर करून घ्या, ही प्रत्यक्ष वापरातली वही आहे, इथे चाचणीपुरत्या नोंदी करून आमच्या स्वयंसेवकांचा आणि कर्मचाऱ्यांचा वेळ वाया घालवू नका, गैरवापर चालू ठेवलात तर खाते बंद होईल.

एकाच सूचनेत, एकाच माणसाला, एकापाठोपाठ एक. परभणीतल्या एका शिक्षिकेची कल्पना करा. तिने शाळेच्या संगणकावर फायरफॉक्स मराठीत बसवला आहे. मेनू मराठीत, सेटिंग्ज मराठीत. आपल्याच मराठी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे फुकट बसून ते भाषांतर केले आहे. एका पानावर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे न येता हिंदी वळणाचे येतात. मुले विचारतात, बाई, फळ्यावरचा ल वेगळा का? बाई चौकस आहेत. त्या शोधत शोधत बगझिलावर पोहोचतात आणि, ब्राउझर मराठीत बोलतो म्हटल्यावर, मराठीत लिहितात. उत्तर येते की तुमची नोंद निरर्थक आहे आणि असेच चालू ठेवलेत तर खाते बंद करू. त्या पुन्हा येतील का? नोंद पुन्हा उघडून आधीच्या कंपोनंटमध्ये नेण्याचा जो मार्ग आपण दाखवता, तो अनुभवी माणसासाठी आहे. कंपोनंट म्हणजे काय हे बाईंना ठाऊक असते तर बॉटची गरजच नव्हती.

आणि ती तक्रार निरर्थक नाहीच. छाननीचे काम किती नाजूक असते हे दाखवायला मी याहून चांगले उदाहरण देऊ शकणार नाही. देवनागरीच्या चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची दोन्ही रूपे असतात. पानाने आपली भाषा मराठी असल्याचे जाहीर केले असेल तर फायरफॉक्स ते हार्फबझ या अक्षरे मांडणाऱ्या कोडला कळवतो आणि हार्फबझ फॉन्टमधून मराठी रूप काढतो. पानाने भाषा हिंदी सांगितली, किंवा सांगितलीच नाही, तर नेहमीचे रूप येते. म्हणजे दोष संकेतस्थळाचा असेल, फॉन्टचा असेल, अक्षरे मांडणाऱ्या कोडचा असेल, किंवा त्या जुन्या संगणकावर तो फॉन्टच नसेल. ‘मराठी’ हा एक शब्द पाहून कोणी ही नोंद मराठी भाषांतराच्या कप्प्यात टाकली, तर ती मेनूचे शब्द लावणाऱ्या स्वयंसेवकांपुढे जाईल, आणि त्यांच्या हाती यातले काहीच नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तुटून दिसतो अशा तक्रारींचेही तेच. यंत्राला अशा नोंदींचे नमुने फारसे मिळालेलेच नसतात. आपल्याच २०१९ च्या लेखनात आहे की ३९६ कंपोनंटांपैकी दोन वर्षांत ४९ हून अधिक नोंदी आलेली फक्त २२५ होती. ज्याच्या नोंदी कमी, तो कप्पा यंत्राच्या जगात नाही. लहान भाषांच्या अडचणी कुठे पडत असतील याचा अंदाज यावरून करता येतो.

स्पॅमचा त्रास मला खोटा वाटत नाही. जाहिराती, जुगाराचे दुवे, कॉलेजच्या असाइनमेंटसाठी केलेल्या पोकळ नोंदी (यात आपल्याकडच्या कॉलेजांचा वाटा किती, हे मी विचारणार नाही) आणि आता यंत्रानेच लिहिलेल्या सफाईदार पण खोट्या तक्रारी. कर्ल या खुल्या प्रकल्पाचे डॅनिएल स्टेनबर्ग त्या शेवटच्या प्रकाराने किती वैतागले आहेत हे त्यांनी २०२५ मध्ये उघडपणे सांगितले. पण गंमत अशी की ही नवी कचरापट्टी उत्तम इंग्रजीत असते. परिच्छेद आखलेले, शीर्षके नेटकी. मोडक्या इंग्रजीत किंवा देवनागरीत लिहिणारा हा बहुधा खरा माणूस असतो, आणि त्याच्यापुढे खरेच काहीतरी बिघडलेले असते. शब्दांवरून पारख करणारे यंत्र नेमके उलटे शिकण्याचा धोका इथे आहे.

आपल्याकडचे टपाल खाते पत्ता न लागलेले पत्र फेकून देत नाही. ते एका वेगळ्या कचेरीत जाते, तिथे अधिकार दिलेला माणूस ते उघडतो आणि आतून काही पत्ता लागतो का ते पाहतो. मी एवढेच मागतो आहे. बॉटने संशयित नोंद बाजूला काढावी, खुशाल काढावी, पण बंद करू नये. संशयितांचा एक वेगळा ढीग असू द्या आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी माणसाने त्यावरून नजर फिरवू द्या. जुगाराचे दुवे एका सेकंदात ओळखू येतात, त्यांना वेळ लागत नाही. स्पॅम आहे का असे विचारण्याआधी भाषा कोणती हे विचारा. मजकूर देवनागरीत आहे की नाही हे तपासायला मॉडेल लागत नाही, युनिकोडच्या क्रमांकावरून एका ओळीच्या कोडमध्ये ते कळते. सप्टेंबर २०२३ च्या ११८ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स पानाची भाषा ओळखून वापरणाऱ्याच्याच संगणकावर भाषांतर करतो. कॉमन व्हॉइस या आपल्याच प्रकल्पासाठी लोकांनी मराठीत वाक्ये वाचून आवाज दिले आहेत. मराठी आवाज मागून घेणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या दारात मराठी मजकूर कचऱ्याच्या संशयात सापडावा, हे शोभत नाही.

खाते बंद करण्याची धमकी पहिल्या सूचनेतून आजच काढा. तिला एका ओळीचा बदल लागतो. भाषांतराचा सल्ला राहू द्या, धमकी सराईत उपद्रव्यासाठी ठेवा.

एक प्रश्नही आहे. बॉटने ‘इनव्हॅलिड बग्ज’मध्ये टाकलेली आणि कोणीच परत न उघडलेली नोंद पुढच्या शिकवणीत खात्रीचे उदाहरण म्हणून जाते की गाळली जाते? जात असेल तर यंत्र आपलेच निर्णय वाचून आपलीच पाठ थोपटते आहे. नोंद परत कोणी उघडली नाही यावरून निर्णय बरोबर होता असे ठरत नाही. जो दुखावून निघून गेला तो दुरुस्ती करायला येत नाही, आणि परभणीच्या बाईंचे मौन ‘बरोबर’ या रकान्यात जमा होते. याचे उत्तर आपल्या कोडमध्ये असेलही. तो खुला आहे, कोणीही वाचू शकतो. पण अशी गोष्ट कोडमध्ये शोधावी लागू नये. किती नोंदी स्पॅम ठरल्या, त्यांतल्या किती माणसाने तपासल्या, किती परत फिरल्या, हे वर्षातून एकदा साध्या शब्दांत छापा.

इतरांकडे पाहिले तर कुबरनेटीस या खुल्या प्रकल्पाची पद्धत शिकण्यासारखी आहे, अर्धी तरी. तिथे नवीन नोंदीवर बॉट ‘छाननी बाकी’ असे लेबल लावतो. पुढची लेबले माणसे लावतात, टिप्पणीत छोटी आज्ञा लिहून: ही नोंद अमुक गटाची, ही अमुक जातीची. बॉट फक्त हुकूम पाळतो आणि कोणी काय ठरवले याची नोंद नावासकट राहते. दुसरा अर्धा भाग घेऊ नका. ९० दिवस कोणी काही बोलले नाही की बॉट नोंदीवर ‘शिळी’ असे लिहितो, आणखी ३० दिवसांनी ‘कुजलेली’, आणि आणखी ३० दिवसांनी ती बंद करतो. सोबत प्रामाणिक कबुली असते की सर्व नोंदींना उत्तर देण्याइतकी माणसे प्रकल्पाकडे नाहीत. कबुली आवडली, पण माणसे कमी हा प्रकल्पाचा दोष आणि शिळी ठरते ती नोंद. गप्प बसला म्हणून फिर्यादी खोटा ठरवण्याचा हा प्रकार आहे.

थोडक्यात मागणे असे की, तक्रार कुठे पाठवायची हे बगबगने ठरवावे, ते तो चांगले करतो. तक्रार खरी की खोटी हे त्याने ठरवू नये. पहिल्यातली चूक पुढच्या कप्प्यातला माणूस सुधारतो. दुसऱ्यातली चूक सुधारायला तिथे कोणी उरतच नाही.

कळावे. आपल्या कामाबद्दल आदर आहे, म्हणूनच इतके लिहिले.

आपला,
फायरफॉक्स वापरणारा एक मराठी माणूस

ता. क. हा मराठी वाचकांसाठी. व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, तोवर आपली नोंद टिकावी म्हणून चार गोष्टी करा. शीर्षक इंग्रजीत द्या, साधे आणि नेमके: कोणते अक्षर, कोणत्या पानावर. मजकूर इंग्रजीत दोन ओळींचा असला तरी चालतो, पण बिघडलेला मराठी शब्द देवनागरीतच चिकटवा आणि पडद्याचे छायाचित्र जोडा. तोच शब्द दुसऱ्या ब्राउझरमध्ये कसा दिसतो ते लिहा, कारण छाननी करणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. पत्त्याच्या जागी ‘अबाउट:सपोर्ट’ टाइप केले की आवृत्तीची आणि संगणकाची सगळी माहिती मिळते. टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करावे लागते. ती माहिती नोंदीला जोडा. एवढे करूनही बॉटने नोंद बंद केली तर घाबरू नका, ती पुन्हा उघडा आणि खाली लिहा की मी माणूस आहे, कृपया माणसाने पाहावे.